इतरांसाठी बांधलेलं नदीचं सामान

“बाई, पाणी निवळलं. खालची वाळू दिसाय लागली बघा,” असा भरमाआप्पांचा फोन परवा आला. भरमाआप्पा खानापूरच्या पलीकडे, घाटाच्या कडेवरच्या एका वस्तीत राहतात. त्यांच्या दारापुढून जी नदी वाहते, तिच्यातल्या महसीर माशांचा मी अभ्यास करते. नदीचं नाव लिहीत नाही. नाव छापलं गेलं की मासे मारायला सुरुंग घेऊन येणारे लोक आमच्याआधी तिथं पोहोचतात. अशा फोननं आनंद व्हायला हवा. मला राग आला. आधी मानेत, मग जबड्यात, मग बोटांच्या टोकांत. मी प्राणिशास्त्र शिकले आहे, त्यामुळे राग शरीरात कोणत्या वाटेनं पसरतो हे मला सांगता येतं. किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्यही मी काढू शकते. रागाचं काढायचं सूत्र मात्र मला सापडलेलं नाही. वर्ष उलटलं, आणि तो निम्माही झालेला नाही.

पंचांगात या ऋतूला नाव नाही. पाऊस सरलेला असतो, थंडी आलेली नसते. आमच्या निपाणीकडे तंबाखूचे शेंडे खुडायचे दिवस असतात. खुडणाऱ्या बायकांच्या बोटांवर काळा चिकट राप चढतो आणि बसमध्ये दांडीला धरलेला प्रत्येक हात त्याच वासाचा असतो. वेदगंगा तांबड्याची हिरवी होते. घाटमाथ्यावरचे ओढे आणि नद्या त्याच्या आगेमागेच काचेसारख्या होतात, आणि महसीर उथळ धारेत चरायला येतो. हे तीन-चार आठवडे चुकले की माझं वर्ष चुकतं.

सांगायला हवं की आम्ही मासे पकडतो ते सोडण्यासाठी. खडकाळ पात्रात जाळी फाटतात, आणि जाळ्यात अडकलेला मासा खवले गमावतो. म्हणून गळ, तोही साधा नव्हे. पिसं, लोकर आणि दोरा आकड्याला गुंडाळून खोटी माशी करायची, ती हलक्या दोरीनं पाण्यावर फेकायची, माशानं ती खरी समजून ओठात धरली की अलगद जवळ आणायचा. मग पाण्यातच मोजायचा, पराचा, म्हणजे माशाच्या पंखाचा, एक कण घ्यायचा, खूण लावायची आणि सोडून द्यायचा. तोच मासा पुन्हा सापडला तर तो जगला, वाढला, किती वर सरकला, हे कळतं. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे: सोडलेला मासा जगतो का.

हे सगळं बारा-पंधरा दिवसांसाठी रानात न्यायचं तर सामान बांधणं हेच एक शास्त्र होऊन बसतं. गेल्या वर्षी ते मी केलं. एकटीनं, निपाणीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, जमिनीवर चादर पसरून. गळाच्या काठ्यांचे चार-चार तुकडे नळ्यांत. नळीत घालण्याआधी बुडाकडच्या बुचाच्या मुठी उन्हात वाळवलेल्या, कारण ओलसर बूच आठवड्यात कुजतं. दोरी गुंडाळायची चाकं जुन्या मोज्यांत. तुकडे एकमेकांत रुतू नयेत म्हणून सांध्यांना घासायला मेणबत्तीचं बुडखं. दमटपणा शोषायला भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या. माशाला गुंगी देण्याचं लवंगतेल वेगळ्या डब्यात, तरी सगळ्या पेट्यांना दातांच्या दवाखान्याचा वास. शाईची पेनं नाहीत, फक्त पेन्सिली. खोट्या माश्यांचे डबे रंगावरून लावलेले नाहीत. कोणती माशी पाण्यात किती खोल जाते, त्या क्रमानं लावलेले, कारण माणूस रंग शोधतो आणि मासा खोली. जे फुटतं ते मधे, जे ओलं होणार ते बाहेर, जे आधी लागतं ते वर. आणि सगळ्यांवर एक नियम: डोळ्यांनी न बघता हात पोहोचला पाहिजे.

हा शेवटचा नियम पुस्तकातला नाही. तो आईचा आहे. आईनं वीस-बावीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात डावीकडे कापलेली पानं, उजवीकडे जर्दा, कडेला दोऱ्याचं रीळ. नजर दारात, तोंड शेजारणीशी, आणि हात आपापले चालू. वीज गेली तरी तिच्या कामाचा वेग बदलत नसे. मी विहारातल्या अभ्यासिकेतून परत येई तेव्हा ती त्याच जागी, त्याच कोनात बसलेली असे.

खोट्या माश्या बाहेरून मागवायला वेळ नव्हता, म्हणून मी त्या घरीच बांधायला घेतल्या. दोरा सुटे. गाठ सैल पडे. दुसऱ्या दिवशी आई माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, “काय करालीस गं ही? बिडीचं तोंड असं बांधलं असतं तर मुकादमानं तोंडावर मारली असती.”

“ही बिडी नाही, आई. माशी आहे.”

“माशीला काय वेगळा दोरा असतोय व्हय? दे हिकडं.”

आकडा तिच्या डाव्या चिमटीत गेला, लाल दोऱ्याचे तीन वेढे, नखानं टोक आत, संपलं. मी भिंग लावून पाहिलं. एकाही वेढ्यात फट नव्हती. मी तिला कोंबडीवाल्याकडून आणलेली मानेची पिसं दिली, धनगराकडून घेतलेली लोकर दिली. तिनं पहिल्या दुपारी बसून दहा-बारा बांधल्या. त्या सरावाच्या होत्या. आकडे निपाणीच्या बाजारातले, घरात बिडीचा उरलेला लाल दोरा. पुढच्या शंभर तिनं माझ्या खास आकड्यांवर आणि काळ्या दोऱ्यानं बांधल्या. फरक एवढाच की माझ्या आकड्यांच्या टोकाजवळचा उलटा काटा मी पकडीनं दाबून सपाट केलेला होता. तो काटा तसाच राहिला तर आकडा शिरतो पण निघत नाही. ओढला तर मांस घेऊन निघतो. बाजारातल्या आकड्यांना तो होता.

बिडी वळणाऱ्या घरांत एक रीत आहे. मुलगी शिकली, तिनं बिड्यांचा पहिला कट्टा बांधला, की तो कारखान्यात द्यायचा नाही. तिथं तपासणारा बसलेला असतो. त्याला आवडली नाही ती बिडी तो कारण न सांगता बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. बाजूला काढलेला माल वळणारीला परत मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. पहिल्या हाताला छाट लागू नये म्हणून पहिला कट्टा घरातच, फळीवर. आईचा स्वतःचा पहिला कट्टा तिच्या आईनं कितीतरी वर्षं जपला होता. म्हणून मी तिच्या त्या लाल दोऱ्याच्या माश्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातल्या. फळीवर ठेवायला हव्या होत्या. मी त्या मोठ्या पेटीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवल्या. आईचं काम नदीपर्यंत जाऊन यावं, इतकाच हेतू. विज्ञान शिकलेल्या मुलीनं पेटीत शकुन भरला, आणि डब्यावर काही लिहिलं नाही. डबा कुणाचा, कशासाठी, हे मला माहीत होतं ना.

मुळात कुठल्याच डब्यावर मी काही लिहिलं नव्हतं. ही चूक मी नंतर फार वेळा तपासली. मुद्दाम नव्हती. मी सामान लावलं ते स्वतःच्या हाताला धरून. मी डावखुरी, म्हणून जे लागतं ते डावीकडे. मी तिथं नसेन, ही शक्यता माझ्या आराखड्यात कुठेच नव्हती.

निघायच्या दोन दिवस आधी सरांनी बेळगावला बोलावलं. सर म्हणजे माझे संशोधनाचे मार्गदर्शक. हुशार, मिठास बोलणारे, कुणाचंही मन न दुखवता नाही म्हणण्यात निष्णात. त्यांच्या खोलीत माझ्या एक वर्ष मागचा प्रसन्न बसला होता. तो माझ्या नजरेला नजर देईना, तेव्हाच मला कळलं.

“सामान तयार?” सरांनी विचारलं.

“हो सर. चार पेट्या, दोन पोती.”

“उत्तम. तुझ्याइतकं नीट कुणाला जमत नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. आता असं कर, या खेपेला तू इथं थांब. नमुने आले की प्रयोगशाळेचं बघ.”

“पण सर, प्रकरण माझं आहे.”

“तुझंच आहे, कोण नाही म्हणतंय? पण तिथं सोय नाही. आम्ही चौघं पुरुष, एकच खोली. उद्या काही झालं तर तुझ्या आईला मी काय सांगू? शिवाय गाडीत जागाही नाही.”

माझ्या आईला काय सांगायचं, हे त्यांनी माझ्या आईला विचारलं नव्हतं. तंबू मी स्वतःच्या शिष्यवृत्तीतून घेतला होता, तोही पेटीत होता. हे मी त्या क्षणी म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी कोणत्या पेटीत काय आहे ते सांगू लागले. प्रसन्ननं लिहून घेण्यासाठी वही उघडली आणि चौथ्या वाक्याला मिटली. “ताई, तिथं गेल्यावर बघतो गं,” तो म्हणाला.

गाडी बेळगावबाहेरच्या पिरनवाडीहून सुटायची होती. पेट्या चढवायला मी गेले, कारण त्या कशा चढवायच्या हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. नळ्या आडव्या, जड पेट्या चाकांच्या वर, लवंगतेल उभं. मागच्या सीटवर खिडकीशी एक जागा रिकामी होती. मी तिथं असताना त्या जागेवर सरांच्या एका मित्राची शीतपेटी आली. तिच्यात कोंबडी होती आणि बाटल्या होत्या. मित्राला माशांतलं काही कळत नाही, त्याला मासेमारीची हौस आहे. त्यानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. “काय पॅकिंग आहे मॅडम! लग्नाच्या रुखवतासारखं.”

गाडी गेली. मच्छेच्या बाजूला वळेपर्यंत मी तिच्याकडे बघत उभी होते. त्या वेळी मी रडले असते तर आज हा लेख वेगळा झाला असता. मी बसस्टॉपवर जाऊन उरलेल्या कामांची यादी केली.

आईला दोन दिवस मी काही सांगितलं नव्हतं. घरी तिनं दार उघडलं आणि माझ्या पाठीवर पिशवी नाही हे पाहिलं. “सामान गेलं?”

“गेलं.”

“आणि तू?”

मी सोय, खोली, जागा असं सगळं सांगितलं. सरांचं बोलणं मी त्यांच्याच सुरात सांगितलं, म्हणजे जवळजवळ समर्थनच केलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे छाट काढलं म्हण की तुला. आणि माल ठेवून घेतला.”

पुढचे बारा दिवस मी निपाणीत बसून ती मोहीम चालवली. वस्तीजवळच्या टेकाडावर एका दगडापाशी रेंज येते. प्रश्न पडला की कुणीतरी तिथवर चढे आणि मला फोन करी. मेण कुठं आहे? दुसऱ्या चाकाची दोरी कुठली? मोजपट्टीची पाटी कुठल्या पेटीत? प्रसन्न उजव्या हातानं शोधत होता आणि सगळं डावीकडे होतं. “ताई, गूगलपेक्षा तू फास्ट आहेस,” तो हसत म्हणे. मी डोळे मिटून त्या पेटीत हात घालत असे आणि सांगत असे: वरचा थर उचल, मोज्याच्या खाली, नळीच्या टोकाशी. दर वेळी उत्तर अचूक. दर वेळी फोन ठेवल्यावर स्वतःचीच चीड. मी उत्तर का देते आहे? कारण दिलं नाही तर आकडेवारी बिघडेल, आणि आकडेवारी माझी आहे. माझं काम माझ्यावाचून अडत होतं, आणि ते अडू नये म्हणून मीच धावत होते. ही कोंडी इतकी नीट बांधलेली होती की तिच्या एकाही वेढ्यात फट नव्हती.

सहाव्या दिवशी एक फोन मी चुकवला. मी आईसोबत चिकोडीला नात्यातल्या एका बारशाला गेले होते, पाळण्याच्या गाण्यात आवाज ऐकू आला नाही. त्या संध्याकाळी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो आले. सरांचा तो मित्र गुडघाभर पाण्यात, आडव्या हातांवर एक महसीर; आमच्या संपूर्ण अभ्यासातला सर्वांत मोठा. सोनेरी पोट, कल्ल्याजवळ गुलाबी झाक. खाली अंगठे, टाळ्या, फुलं. मी फोटो मोठा केला. माशाच्या तोंडाच्या कोपऱ्यात, आत, लाल दोरा दिसत होता.

काळ्या दोऱ्याचा डबा त्यांना सापडला नव्हता. बाजूच्या कप्प्यातला पत्र्याचा डबा सापडला होता. त्यांनी फोन केला होता, मी उचलला नव्हता.

“सोडला खरं,” भरमाआप्पांनी नंतर मला सांगितलं, “पर बाई, ते काय पोहाय न्हाय. आकडा आत गेलता, त्यो पाव्हण्यानं ओढून काढला. फोटो काढूस्तवर धरलाच वर. सोडल्यावर पोट वर करून खालच्या डोहात गेला. सकाळी मीच काढला. लई वाईट वाटलं बघा. धाकल्या पोराएवढा मासा.” ‘पाव्हणं’ हा शब्द त्या मित्रासाठी ते अजूनही वापरतात, आणि दर वेळी थुंकल्यासारखा वापरतात.

घरी मी आईला खरं सांगितलं. वाटलं होतं ती त्या माणसाला शिव्या देईल. ती माझ्यावर उखडली. “हुकाचा काटा दाबायचा असतोय हे त्या दिवशी मला बोलली हुतीस? न्हाय. पैल्या हाताचं काम घरात ठेवायचं असतंय हे तुला ठावं हुतं? व्हय. मग माझं पैलं काम तू कुणाच्या हातात दिलंस गं?” तिनं त्यानंतर महिनाभर दोऱ्याला हात लावला नाही.

मी कार्यकारणाची साखळी कागदावर मांडली, कारण मला तेच येतं. काटा न दाबलेला आकडा: मी भरला. खूण नसलेला डबा: माझा. मासा पाण्याबाहेर धरला जाणं: त्यांचं, पहिल्या आणि शेवटच्या फोटोच्या वेळांत सात मिनिटांचं अंतर आहे. मी तिथं असते तर या तीन कड्या जुळल्याच नसत्या. मी तिथं का नव्हते, याचं कारण मात्र कोणत्याही रकान्यात बसत नव्हतं. संशोधनाच्या तक्त्यात ‘सोय’ या नावाचा चल नसतो.

तक्ता भरायची वेळ आली तेव्हा सर माझ्यामागे उभे राहिले. “त्या मोठ्याच्या पुढं ‘सोडला’ लिही.”

“तो मेला, सर.”

“सोडला हे खोटं आहे का? सोडलाच ना? पुढं नदीत काय झालं ते नदीचं. एका माशानं काय होतंय?”

प्रश्न हाच होता की सोडलेला मासा जगतो का. एका माशानं नेमकं तेच होतं. मी ‘मृत’ लिहिलं. खाली कारणांत माझी चूक लिहिली, डबा, आकडा, सगळं. आणि त्याखाली सात मिनिटं लिहिली. सर नंतरचे चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. शेजारच्या खोलीतून मला ईमेल पाठवत राहिले. विभागात सगळे म्हणाले, इतकं ताणायला नको होतं. प्रसन्न म्हणाला, “ताई, तू पण ना.” त्या ‘पण ना’मध्ये एका पिढीचं मौन बसलेलं आहे, आणि ते फार आरामात बसलेलं आहे.

मी शांत झाले असं लोकांना वाटतं. रागाला आपल्याकडे आजार समजतात. बाईचा असेल तर साथीचा. उतरला का, विचारतात. माझ्या अनुभवात तो एका उपकरणासारखा वागला. त्यानं मला माझीच यादी परत वाचायला लावली. चार पेट्या आणि दोन पोती चौघांसाठी होती, त्यांच्या खुर्च्यांसाठी, त्यांच्या चुलीसाठी. एका माणसाला, एका अभ्यासाला किती लागतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं. या वर्षी मोजलं. एक काठी, एक राखीव टोक. एक चाक. दोन डबे, दोन्हींवर ठळक अक्षरं, प्रत्येक आकड्याचा काटा दाबलेला आणि कापसावर घासून तपासलेला. कापूस अडकला की आकडा बाद. तंबू. पेन्सिली. सगळं मिळून सतरा किलो. काल ते पाठीवर घेऊन मी आमच्या गल्लीतून तंबाखूच्या वखारींपर्यंत दोनदा जाऊन आले. वखारीतल्या बायका म्हणाल्या, “काय गं, मिलिटरीत भरती झालीस व्हय?” पाठ दुखली. खांद्यावर वळ आले.

आज दुपारी सरांचा संदेश आला. मधल्या मौनाचा त्यात मागमूस नव्हता. ‘पाणी निवळलं म्हणतात. गेल्या वर्षीसारखं किट तयार ठेव. तुझ्याइतकं नीट कुणाला जमत नाही. शुक्रवारी गाडी निपाणीवरून नेऊ.’ कुणाकुणाला न्यायचं ते लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज त्यांना वाटली नव्हती.

मी उत्तर तीनदा लिहिलं. पहिल्यात कारणं होती, दुसऱ्यात विनंती होती. पाठवलं ते तिसरं: ‘किट देणार नाही. वनखात्याच्या परवानगीत माझं नाव आहे. मी उद्या पहाटेच्या बसनं निघते आहे. भरमाआप्पांशी बोलणं झालं आहे.’

आई समोर बसून काळ्या दोऱ्यानं शेवटच्या दोन माश्या बांधत होती. नजर दारात, हात आपापले चालू. तिनं विचारलं नाही काय लिहिलंस. फोन वाजला. सर. मी स्पीकर लावून फोन चादरीवर ठेवला.

“हे असं एकदम काय?” सरांचा आवाज अजूनही मऊच होता. “आपण बसून बोललो असतो. तू गेल्या वर्षीचं मनात धरून बसली आहेस का? रागावली आहेस का माझ्यावर?”

आईचा हात थांबला. माझ्यासारख्या मुलींना या प्रश्नाचं एकच उत्तर पाठ असतं. ते आम्हाला कुणी शिकवत नाही, तरी चुकत नाही. ते माझ्या जिभेवर आलंही होतं.

“हो, सर,” मी म्हणाले. “रागावले आहे.”

मी पुढं कारण जोडलं नाही. पिशवी गुडघ्याखाली दाबली आणि तिचे पट्टे आवळायला घेतले.